शिंगटीची मिशी

"मिशीला हात नाय!"

गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधता बांधता मामा हे बजावायचे आणि लगेच स्वतःच्या मिशीचं डावं टोक वर वळवायचे. डोकं करतील, दाढी करतील, पण मिशी उतरवायची असेल तर "मुरबाडला जा" म्हणून सांगतील. धसईच्या बाजारात त्यांच्या सलूनला लागून माझं बियाण्याचं दुकान. मला आयुष्यात कधी मिशी नव्हती, तरी दर वेळी हे ऐकावं लागायचंच. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. सांभाळून ठेवा त्यांना.

एकदा मामींनी बाजारातून कालवणासाठी शिंगट्या, म्हणजे ओढ्यातले मिशीवाले मासे, आणल्या. त्यातली एक टोपलीत अजून वळवळत होती. मामांनी तिच्या तोंडाभोवतीच्या लांब मिशा पाहिल्या आणि संपलंच.

"मिशीवाला हाय गो हा! याला कालवणात टाकतेस?"

"मग काय, तुमची मिशी शिजवू?" मामी म्हणाल्या.

कालवण पातळ झालं आणि शिंगटी सलूनच्या आरशाखाली काचेच्या टाकीत राहायला आली.

तळाशी काहीतरी घालायला हवं म्हणून मामांनी आपल्याकडे कुठल्याही नव्या घरासमोर ढीग असतो ती क्रशरची, फोडलेल्या दगडाची धारदार कच आणून ओतली. मापात चूक नव्हती, मालात होती. शिंगटी दिवसभर तळ चाचपत फिरते. मिशा म्हणजे तिचे हातच, त्यांनीच तिला खाणं सापडतं. कचेच्या धारेनं त्या हळूहळू झिजल्या आणि नुसते खुंट उरले. पुढ्यात गांडूळ टाकलं तरी बिचारी बाजूनं निघून जायची. डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

मामांचं गिऱ्हाइकात लक्ष लागेना. माझ्या अर्ध्या गालाला साबण लावून टाकीपुढे जाऊन उभे राहिले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, मासा आहे तो! ओढ्यात सोडा नाहीतर तळून खा, पण माझी दाढी पुरी करा!"

बाजाराचा दिवस, सलून भरलेलं. मामांचा चेहरा लाल झाला. "दसऱ्यापर्यंत याची मिशी नाय आली, तर माझी उतरवीन. आन् वस्तरा तुमच्या हातात, शेठ!"

एवढं बोलून त्यांनी माझा उरलेला अर्धा गाल साफ केला.

वाट दाखवली ती एका गिऱ्हाइकानं. फार्महाऊसवरच्या पोहण्याच्या तलावांचे फिल्टर भरणारा तो माणूस म्हणाला, "सिलिका वाळू घाला, पण गोल दाण्याची. टोकदार आली तर पुन्हा तेच." नमुने आले. आता गोल कुठली हे ओळखायचं कसं? मामांनी आपली दाढी गुळगुळीत केली आणि ओली वाळू चिमटीनं गालावर फिरवली. एक नमुना टोचला म्हणून परत गेला. दुसरा घासताना त्यांनी डोळे मिटले. "ही बघा. माझ्या गालाला नाय टोचत, तर त्याला काय टोचंल?"

सोमवारी सलून बंद, म्हणून मीही मदतीला गेलो. मामांनी कोरडी वाळू परातीत उपडी केली आणि पांढरी धूळ भसकन उडाली. मामी बाहेर आल्या त्या ओरडतच. "आधी भिजवा! छातीत गेली म्हणजे मिशीखालून नुसता खोकला निघंल!" आमच्या नाकांवर सलूनचे टॉवेल बांधले. मग तांदूळ धुवावेत तशी वाळू चोळायची आणि गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा चोळायची, पुन्हा ओतायचं. मी दोनदा "झालं की!" म्हटलं, मामींनी दोनदा परात माझ्याकडे परत सरकवली. शेवटी पाणी नितळ निघालं. मामांनी वर लिंबू पिळून पाहिलं. फेस आला असता तर वाळूत माशाला बाधणारा चुना आहे म्हणायचं. फेस आला नाही. टाकीतली कच काढून वाळूचा पातळ थर दिला, वर बशी ठेवून बशीवरच हळू पाणी सोडलं, म्हणजे वाळू उसळायला नको.

तेव्हापासून दर सोमवारी मामा जुन्या फणीनं ती वाळू विंचरायचे. खाली घाण साचून वास सुटू नये म्हणून. भांगही पाडायचे, खोटं कशाला सांगू!

दसरा आला. वस्तरा, कात्री, फण्या पाटावर मांडून झेंडू वाहिला. शिंगटी चार दिवसांपासून वाळूत तोंड खुपसून दडलेली, मिशा फुटल्या की नाही कळायला मार्ग नाही. मामा गुपचूप आपल्याच खुर्चीत बसले आणि पूजेतला वस्तरा माझ्या हातात दिला.

"चालवा शेठ. शब्द म्हंजे शब्द."

खरं सांगतो, त्या माशाला मी मनातल्या मनात हात जोडले. साबणाचा फेस मिशीला लावला, तेवढ्यात टाकीत गांडूळ सोडत असलेल्या मामी किंचाळल्या, "थांबा! ओ, थांबा!"

वाळूतून शिंगटी वर आली होती. खुंटांच्या टोकांना सुतासारख्या पांढऱ्या कोवळ्या मिशा. तिनं त्या वाळूवर फिरवल्या, गांडुळाला लावल्या आणि गपकन गिळलं!

बाजार नुसता दणाणला. भाजीवाल्या बायका टोपल्या टाकून आत घुसल्या, कोणीतरी जिलबी आणली, आणि सगळ्यांनी एका सुरात आरोळी दिली, "मिशीला हात नाय!" मामा फेसानं माखलेल्या मिशीनं हसत होते आणि रडतही होते. मीही रडलो. लाज कसली त्यात?

गेल्या थंडीत मामा झोपेतच गेले. नेण्यापूर्वी मामींनी त्यांच्या मिशीचं डावं टोक स्वतः वर वळवलं.

आता सलून त्यांचा पुतण्या चालवतो. सोमवारी मामी येतात आणि त्याच फणीनं वाळू विंचरतात. परवा मी खुर्चीत बसलो, तर पुतण्यानं माझ्या ओठावरचे पांढरे खुंट पाहून विचारलं, "शेठ, हे पण साफ करू ना?"

आरशाखाली शिंगटी लांबलचक मिशा पसरून निवांत बसली होती. मी डाव्या बाजूला हात नेला. वळवण्याइतकी अजून वाढलेली नाही, पण म्हटलं, "मिशीला हात नाय!"