भिंतीला टेकून म्हटलेले बोल

अमरावतीच्या ज्या तबलावर्गात मी कामावर संध्याकाळची पाळी नसेल तेव्हा जात असे, तिथे एक रिवाज होता. एकदा मांडी घातली की रियाज संपेपर्यंत मोडायची नाही. पायाला मुंग्या येवोत, पाठ भरून येवो, हलायचे नाही. हलणाऱ्याला बाकीचे हसत. दुखणे म्हणजे हात तयार होत असल्याची खूण, असे आम्ही सगळेच मानत होतो.

हा रिवाज सर्वांत कडक पाळणारी मुलगी चांदूर बाजारहून बसने येई. घरी भाजीपाल्याची शेती. आदल्या वर्षी अकोल्याच्या केंद्रावर परीक्षेत रेला, म्हणजे बोलांची वेगवान अखंड माळ, वाजवताना तिचा उजवा खांदा आखडला. हात थांबला, ती नापास झाली. घरच्यांनी आणखी एक संधी दिली होती. या वेळीही जमले नाही तर तबला बंद. तिने रियाज वाढवला, आणि हिवाळ्यात वेणी घालायलाही तिला हात वर नेता येईना.

वर्गातल्या एका मुलाची मोठी बहीण फिजिओथेरपिस्ट होती. सगळे तिला आपा म्हणत. भावाला न्यायला आलेली आपा एकदा आमच्या वाकलेल्या माना पाहून दारातच थबकली.

"काहून सर, तबला हातानं वाजवते का मानेनं? पोरायचा थोडा व्यायाम घेऊ का?"

सर तबल्यावरून नजर न काढता म्हणाले, "कवायत करायची असन तं ग्राउंडवर जा. परीक्षा जवळ आली. माह्याजवळ वेळ नाही."

"रियाज बुडवत नाही मी. बोल तोंडानं म्हनतेतच ना हे?"

बोल वाजवण्याआधी ते ताल धरून म्हणायचे असतात. त्याला पढंत म्हणतात. आपाने पढंत उभ्याने करायला लावली. पाठ, डोके आणि कोपरे भिंतीला टेकवायची, बोलांच्या लयीत हात भिंतीवरून वर न्यायचे, खाली आणायचे. वाजवायला बसताना बुडाखाली घट्ट उशी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते. मधून मधून उठायचे.

"भिंतीले तबला शिकवून राहिलो आमी," एक जण म्हणाला.

"भिंत तुह्यापेक्षा लवकर शिकन," आपाने सुनावले.

चांदूर बाजारच्या मुलीचे वाजवणे आपाने आधी निम्म्यावर आणले. मुलगी रडकुंडीला आली. "परीक्षा हुकन, आपा."

"हुकली तं माह्या नावानं बोंब मार."

सर आमच्याकडे पाठ करून बसत. पण कान इकडेच. "तिरकिट कोनं गिळलं?" ते तिकडूनच ओरडत. मग उठून लय दुरुस्त करू लागले. एका संध्याकाळी स्वतःच भिंतीला टेकून उभे राहिले.

"सर, कोपर टेकू द्या," आपा म्हणाली.

"टेकत नाही ना, बाई."

कोणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या बैठकीवरही उशी होती. मांडीचा रिवाज मोडल्याचे कुणी जाहीर केले नाही. तो मोडला होता. वसंतात ती मुलगी वेणी घालून आली. तिने स्वतः घातलेली.

परीक्षेच्या दिवशी अकोल्यात ऊन कडक होते. माझी तबल्याची प्रारंभिक परीक्षा आटोपली होती. व्हरांड्यातल्या बाकावर मी, सर आणि मुलीचे वडील बसलो होतो. आत रेला सुरू झाला. सर ओठ हलवत बोल म्हणू लागले. आदल्या वर्षी हात जिथे थांबला होता ती जागा आली आणि गेली. लय चढली, बोल स्वच्छ राहिले. परीक्षकांचा आवाज आला, "रेला आणखी वाढवा." तिने वाढवला. समेवर शेवटची थाप पडली तेव्हा सर उभे होते.

मुलगी बाहेर आली. कपाळावर घाम, खांदे खाली, मान सरळ.

"खांदा?" सरांनी विचारले.

"ठीक हाये सर. आनखी वाजवलं असतं मी."

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. निकाल अजून लागायचा होता. त्यांनी त्याबद्दल काही विचारले नाही.

"सर," ते म्हणाले, "इच्या पुढची परीक्षा कोनती असते?"