नवरदेवाचा घडीचा चाकू

माझ्या लग्नाला माझ्याकडची झाडून सगळी माणसं वेळेवर पोहोचली. फक्त मी पोहोचलो नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो, ओझरच्या कारखान्यात टूलरूमला होतो आणि पंचवटीत एका खोलीत एकटा राहत होतो. एकटा म्हणजे मी आणि सतरा चाकू. सगळे घडीचे. लोक तिकिटं जमवतात, काड्यापेट्या जमवतात (शेजारचे एक गृहस्थ तर आजार जमवायचे), मी चाकू जमवले. एका पात्याचा, दोन पात्यांचा, नेलकटरच्या पोटात लपलेला, बूच काढायच्या स्क्रूचा (बुचाची बाटली माझ्या आयुष्यात एकदाही आली नाही, पण तयारी असावी). कामावरून आलो की वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर चाकू मांडायचे, प्रत्येकाच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि उघड-मीट, उघड-मीट करत बसायचं. मग एक पेरू घ्यायचा, तीन वेगवेगळ्या चाकूंनी त्याच्या फोडी करायच्या आणि सगळ्या आपणच खायच्या. कुठल्या चाकूची फोड चांगली निघाली हे विचारायला समोर कोणी नसायचं.

खोलीवर माणसं येत नव्हती असं नाही. यायची, चाकू मागायला. त्यातही चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. म्हणून मी तो उंबऱ्याजवळ ठेवायचो, समोरचा उचलायचा. परत करताना तो ठेवायचा, मी उचलायचो. अशी कित्येक वर्षं गेली, माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागला नसेल! हे मी कारखान्यात विनोद म्हणून सांगायचो आणि सगळे हसायचे. दिवाळीची चार दिवस सुट्टी लागली, आळीतले सगळे गावाला गेले, की मला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडायचं नाही.

स्थळं येत होती. पण मुलगी बघायला गेलो आणि समोर फळं आली, की माझा हात आपोआप खिशात जायचा. "राहू द्या, मी कापतो," असं म्हणून मी खट्‌कन चाकू उघडला, की मुलीचा बाप खुर्ची मागे सरकवायचा. तीन ठिकाणांहून एकच निरोप आला : मुलगा चांगला आहे, पण चाकू बाळगतो. आईवडिलांमागे मला वाढवणाऱ्या आत्याने शेवटी हात टेकले होते. सटाण्याचं स्थळ चौथं. तिथली मुलगी, कुसुम, पपईवरच्या माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाली, "धार घरीच लावता का?"

छत्तीस वर्षांत मला कोणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी वीस मिनिटं उत्तर दिलं. आत्याने मांडीला चिमटा काढला तेव्हा थांबलो. तरीही होकार आला, आणि मला पंचवटीची ती खोली पहिल्यांदाच दोघांना पुरेशी वाटायला लागली. हे लग्न मोडलं तर पाचवं स्थळ येणार नाही, हे मला माहीत होतं आणि आत्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

आता चाकूबद्दल. हळद लागली की नवरदेवाने हातात चाकू धरायचा, टोकाला लिंबू खोचायचं आणि अक्षता पडेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज. बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. त्याच कारणाने हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं सोडायचंही नसतं. बाकीच्यांना तो चाकू म्हणजे कटकट वाटते. मला वाटलं, आपला जन्मच याच्यासाठी झालाय.

आत्याने घरातला भाजीचा चाकू पुढे केला.

"याची मूठ हलतेय," मी म्हटलं.

"लिंबू पडत नाही ना? मग झालं."

"आत्या, माझ्याकडे नवा आहे."

"वसंता, तुझं लग्न आहे. चाकूचं प्रदर्शन नाही."

पण मी ऐकतो होय! खास या दिवसासाठी मी मुंबईहून येणाऱ्या एका सहकाऱ्याकडून अठरावा चाकू मागवला होता. चार बोटं लांब पातं, शिंगाची मूठ, आणि मुठीच्या पाठीवर एक खटका. पातं उघडलं की तो खटका त्याला पकडून ठेवतो, दाबल्याशिवाय मिटत नाही. असलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. हळदीच्या दिवशी मी तो सगळ्यांना उघडून दाखवला, मिटून दाखवला, पुन्हा उघडून दाखवला. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणाले, "छान आहे, पण आता मला जेवू दे." नवरदेवाला एकटं न सोडण्याची कामगिरी याच दाजींवर होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी एक बस आणि एक जीप असं वऱ्हाड सटाण्याला निघालं. मी बसमध्ये, अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात चाकू, चाकूवर लिंबू. लिंबाचा रस रात्रभर खटक्यात झिरपला होता, हे टूलरूमच्या माणसाला कळायला हवं होतं. देवळ्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, खटका सुटला, पातं अर्धं मिटलं आणि लिंबाचं अर्धं शकल आत्याच्या मांडीवर जाऊन पडलं. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. मी जोर लावून पातं पुन्हा उघडलं. ते उघडलं आणि तसंच अडकलं. आता मिटायचं नाव घेईना.

"पुढच्या फाट्यावर नवीन लिंबू घे आधी," आत्या म्हणाली, "आणि दाजींना बरोबर ने."

फाट्यावर दोन्ही गाड्या चहाला थांबल्या. दाजी भजी खात होते, म्हणून मी एकटाच गेलो. लिंबू लगेच मिळालं. मी परत निघालोही होतो, देवाशपथ. पण वडाखाली धार लावणारा एक म्हातारा बसला होता, आणि त्याच्यापुढे गोणपाटावर घडीचे चाकू होते. स्वतः घडवलेले!

मी उकिडवा बसलो. "बाबा, हे पोलाद कुठलं?"

"ट्रकना पाटानं शे," म्हातारा म्हणाला. ट्रकच्या मोडक्या कमानीचं पोलाद तापवून, ठोकून त्याने पाती काढली होती. मग त्याने माझ्या हातातल्या चाकूकडे पाहिलं, खटक्यावर नख फिरवलं आणि लिंबाच्या रसाने काय झालंय ते एका क्षणात ओळखलं; रात्रभर तेलात ठेवल्याशिवाय सुटायचा नाही म्हणाला. मी त्याला खटका दाबून धरणारी मुठीतली पट्टी समजावली. त्याने मला पातं मुठीत जोडणारा खिळा ठोकायची त्याची युक्ती दाखवली. आम्ही दोघांनी एक कांदा चार चाकूंनी कापून पाहिला आणि कुठली चकती चांगली यावर भांडलो. इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी चाकूवरून भांडलं नव्हतं. मला उठवेना.

मागे बसचा हॉर्न वाजला. मी ऐकला. दुसऱ्यांदा वाजला, तोही ऐकला. मनात म्हटलं, वाजवू दे, नवरदेवाला सोडून जातील कुठे?

गेले.

"तुमनी गाडी गयी ना भाऊ," म्हातारा म्हणाला.

नंतर कळलं ते असं. बसमधल्यांना वाटलं मी जीपमध्ये आहे. जीपमधल्यांना वाटलं मी बसमध्ये आहे. आणि ज्यांनी मला सोडायचं नव्हतं ते दाजी जीपमध्ये मागे आडवे झाले होते. मी रस्त्यापर्यंत धावलो, चाकू हलवून हाका मारल्या. धुरळ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

आता कुठलीही गाडी हात करून थांबवायची आणि सटाणा गाठायचं, एवढंच काम. पण हात करायचा म्हणजे उजवा हात वर करायचा, आणि उजव्या हातात उघडा चाकू. मिटत नव्हता आणि रिवाजाप्रमाणे खाली ठेवता येत नव्हता. डावा हात करून पाहिला, तर लोकांना आधी उजवाच दिसायचा. एक ट्रक हळू झाला, ड्रायव्हरने पिवळंधम्मक तोंड पाहिलं, चाकू पाहिला आणि असा पळवला की मागच्या दोन गोण्या पडल्या. एक सायकलवाला तर सायकल टाकून शेतात पळाला. "अहो, तुमची सायकल!" म्हणत मी ती ढकलत त्याच्यामागे धावलो, तसा तो आणखी जोरात पळाला. शेवटी सायकल बांधाला टेकवून परत आलो.

मग कोणीच येईना. दोन्हीकडे कांद्याची शेतं, डोक्यावर ऊन, मुंडावळ्या तोंडावर. एका मैलाच्या दगडावर बसलो आणि खरं सांगतो, रडू आलं. पन्नास माणसं माझ्यासाठी म्हणून निघाली होती आणि त्यातल्या एकालाही मी नसल्याचं कळलं नव्हतं. परत वळून गाडी आली नाही, म्हणजे अजूनही कळलं नव्हतं. मुहूर्त गोरज होता. तोवर पोहोचलो नाही तर मुलीकडचे म्हणणार, मुलगा पळाला. आणि मला पुन्हा एकट्याने पेरू खावा लागणार.

दोन तासांनी कांद्याचा ट्रॅक्टर आला. चालवणारा शेतकरी चाकूला घाबरला नाही, बहुधा घरी तीन लग्नं झाली असावीत.

"कोठे जाणं शे?"

"सटाण्याला. लग्नाला."

"कोणा लगीनले?"

"माझ्याच."

त्याने ट्रॅक्टर बंद केला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन् वऱ्हाड?"

"पुढे गेलं."

"नवरदेवले सोडीसन?" असं म्हणून तो जो हसायला लागला, तो सटाणा येईपर्यंत हसतच होता. मी मागे गोण्यांवर बसलो होतो. मला त्याची पाठ हलताना दिसत होती.

मांडवाशी पोहोचलो तर दारात माझेच काका उभे. "ए बाबा, ट्रॅक्टर मागे घे," ते खेकसले, "नवरदेव निघायचेत इथून." मी गोण्यांवरून म्हटलं, "काका, मी आहे." काका म्हणाले, "तू कोणी का असेना, आधी मागे घे."

आत वेगळाच गोंधळ चालला होता. आमचं बिऱ्हाड मुलीच्या घरासमोरच दिलेलं. दाजी जीपमधून उतरून थेट नवरदेवाच्या खोलीत गेले होते आणि आतून कडी लावून झोपले होते. घोरणं बाहेर ऐकू येत होतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, नवरदेव दमलेत, आराम करताहेत. दुपारभर माझ्याच लग्नात सगळं सुरळीत चाललं होतं. नाष्टा झाला, मानपान झाला, रुसवेफुगवे झाले. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

अडलं होतं ते एकीचं. कुसुम सकाळपासून खिडकीत होती. गाड्या आल्या तेव्हाच तिने आईला सांगितलं, "बस रिकामी झाली, जीप रिकामी झाली, ते उतरले नाहीत." आई म्हणाली, "लाज नाही वाटत, नवऱ्याला खिडकीतून बघतेस?" तासाभराने तिने मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "घोरणं ऐकू येतंय की." "ते त्यांचं नाही," कुसुम म्हणाली. "तुला काय ठाऊक?" शेवटी तिने हातातला चुडा काढून ताटात ठेवला आणि म्हणाली, "आधी दार उघडा. मग भरते." तेव्हा कुठे तिच्या वडिलांनी दार ठोठावलं. आतून डोळे चोळत दाजी निघाले.

पुढची पाच मिनिटं मी सुदैवाने तिथे नव्हतो. "मुलगा पळाला" इथपासून "वऱ्हाड कोंडून ठेवा" इथपर्यंत मजल गेली होती, आत्या जमिनीवर बसली होती, तेवढ्यात मी धावत आत शिरलो. हातात चाकू उघडा. चार बायका किंचाळल्या, सासरे तुळशीवृंदावनामागे गेले आणि मी म्हटलं, "उशीर झाला, माफ करा." एवढंच सुचलं.

लग्न गोरज मुहूर्तावरच लागलं. अंतरपाटाच्या पलीकडून मंगलाष्टकांच्या गोंगाटात तिचा आवाज आला, "मी सकाळपासून सांगत होते, तुम्ही नाही आहात म्हणून." मी नाही, हे जगात कोणाला तरी कळलं होतं. अक्षता पडायच्या आधीच माझे डोळे भरून आले, आणि भटजींना वाटलं धूर लागला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. पण कुसुमने त्या दिवसाची धास्ती घेतली ती कायमचीच. कुठल्याही एस.टी.त बसलं की ती कंडक्टरला बजावते, "थांबा, आमचे अजून आले नाहीत." गेल्या आठवड्यात मेळा स्टँडवर तिने अशीच गाडी पाच मिनिटं थांबवली. कंडक्टर उतरून हाका मारून आला, ड्रायव्हर वैतागला, सगळी गाडी खिडक्यांतून बाहेर बघायला लागली. मीही बघत होतो, कोण बावळट राहिलाय म्हणून. मी तिच्या शेजारीच बसलो होतो.