आठ महिने कमी

फुलसावंगीचं स्टँड कोसभर मागे पडलं, बंजाऱ्यांचा तांडा अजून कोसभर पुढे, आणि रामीबाई पायीच चालली होती. बरोबर अंगणवाडीच्या उज्ज्वलाबाई होत्या. लिहितावाचता येतं म्हणून तिनं त्यांना यवतमाळच्या कचेरीत नेलं होतं.

तिथला माणूस वाईट बोलला नाही, नीट समजावून सांगितलं. तिचा नवरा लालसिंग दिग्रसला सरकारी दवाखान्यात शिपाई होता. नोकरी एकोणीस वर्षं चार महिने. वीस भरली असती तर स्वेच्छेनं निवृत्त होऊन पेन्शन मिळाली असती, त्याच्यामागे रामीबाईलाही. पण त्यानं राजीनामा दिला, आणि राजीनाम्यानं मागची सगळी नोकरी पुसली गेली. नवऱ्यालाच पेन्शन नाही, तर बायकोला कुठून?

दोन सालांमागची गोष्ट. कापसानं गावंच्या गावं बुडवली, त्या साली धाकट्या दिरानं फवारणीचं औषध घेतलं. मागे त्याची बायको जमनी, तीन पोरी आणि उभं शेत. तेराव्याला तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बैठक बसली. सेवालाल महाराजांच्या झेंड्याखाली लालसिंगनं शब्द दिला, की वेचणीच्या आत घरी येतो, भावाचं घर आता माझं. दवाखान्यातला कारकून म्हणाला, आठ महिने कळ काढ, नाहीतर रजा टाक. लालसिंगला ती पळवाट वाटली. महाराजांसमोर दिलेल्या शब्दात रजा कसली? दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर राजीनामा लिहून दिला. रामीबाईला विचारलंही नाही. विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती, आणि हेच तिला वाटभर टोचत होतं. यंदाच्या उन्हाळ्यात वखर हाकता हाकता तो कोसळला, तो उठलाच नाही.

नाल्याशी उज्ज्वलाबाई म्हणाल्या, वर अजून एक अर्ज करून पाहू.

"अर्जानं आठ महिने येतेत काय, बाई?"

मग ती पुलाच्या कठड्यावर बसली. पलीकडे तांड्यातला झेंडा दिसत होता. तिनं त्या दिशेनं हात जोडले.

"एक करा. जमनीले सांगू नका. कागद सापडला नाही म्हना. मालकानं तिच्यापायी नोकरी सोडली, हे तिले मालूम हाय. माही पेन्शनबी त्यातच गेली हे समजलं, तर ती माह्या घरचा घास गिळनार नाही. पोरीयले घेऊन निंघून जाईन. कुठं जाईन ती?"