तो नंबर आता कोणाचा?

विश्वासाची ईमेल सेवा कोणती, आणि आपले खाते आपल्यालाच बंद होऊ नये म्हणून काय करावे, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक साधा लेख मी लिहिणार होतो. टिपणे तयार होती. तेवढ्यात वाशीमहून मधुकररावांच्या लेकीचा, ज्योतीचा फोन आला, "काका, बाबा गेले..." आता काही आठवड्यांनी लिहायला बसलो आहे, तर ते उत्तर मधुकररावांना वगळून सांगता येत नाही.

मधुकरराव कारंज्यात माझे शेजारी. कापसाच्या बाजारात वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेले. माणूस थट्टेखोर. मी समजावून सांगू लागलो की म्हणत, "मास्तर, घंटा झाली, आता सुट्टी द्या." पत्नी निर्मलाबाई गेल्यावर मात्र ती थट्टा मंदावली. आजारपणात निर्मलाबाईंनी लेकीसाठी पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याची कृती स्वतःच्या आवाजात भरून मधुकररावांच्या ईमेलवर पाठवली होती. त्यांचा तेवढाच आवाज उरला होता. सकाळच्या चहानंतर ते तो ऐकत.

पुढे त्यांचा मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला. नव्या मोबाइलवर पासवर्ड बरोबर घातला, तरी ओळख पटवण्यासाठी कोड गेला तो निर्मलाबाईंच्या नंबरावर. खाते उघडताना घरातला दुसरा नंबर म्हणून तोच दिलेला होता, आणि त्या गेल्यावर त्याचे रिचार्ज थांबले होते. मधुकररावांनी माझ्यासमोर तो लावला. कोणा तरुणाने उचलला.

"कोन पाह्यजे?"

मधुकरराव म्हणाले, "कोनी नाही, बाबू. चुकून लागला." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, त्यालेच कोड मागू का?"

मी नको म्हणालो. बंद पडलेला नंबर कंपनीने दुसऱ्याला दिला होता, आणि कोड अनोळखी माणसाच्या हाती गेला की खातेही जाऊ शकते.

"मंग तिचा आवाज गेलाच म्हना..."

हे खाते आणखी कुठे उघडले होते का, असे मी विचारले. बराच विचार करून ते म्हणाले, "मांगच्या दिवाळीत, ज्योतीच्या कम्प्युटरवर." दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने वाशीम गाठले. तिथे खाते उघडेच होते. ज्योतीने आधी आवाजच लावला. निर्मलाबाई सांगत होत्या, "बेसन चांगलं घोटून घ्यायचं..." मध्येच मधुकररावांचा आवाज, "अन् मीठ कवा टाकतं?" "तुमी मंधात कायले बोलता? पोरीसाठी भरून राह्यली मी!"

ज्योती रडता रडता हसली. मधुकरराव म्हणाले, "पाह्यलं मास्तर? अजूनही बोलू देत नाही."

मग आम्ही त्या आवाजाची प्रत वेगळी उतरवून घेतली, जुना नंबर काढून मधुकररावांचा चालू नंबर घातला आणि दुसरा मार्ग म्हणून ज्योतीचा ईमेल जोडला.

माझ्या टिपणांतले उत्तर असे होते: सेवा अनेक वर्षे चालत आलेली असावी, ओळख पटवण्याचे एकाहून अधिक मार्ग देणारी असावी, आणि न वापरलेले खाते केव्हा मिटवते हे स्पष्ट सांगणारी असावी. मधुकररावांची सेवा या तिन्ही कसोट्यांना उतरत होती. तरीही ते बाहेर राहिले होते, कारण दिलेला नंबर बदलायचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

परवा ज्योती म्हणाली, "आई मंधात बोलू नका म्हने, पन बाबा बोलले तेच बरं झालं, काका. आता दोघंही त्याच्यातच हायेत."

वाचकहो, आपल्या ईमेलच्या सेटिंगमध्ये कोणाचा नंबर आहे, ते आज स्वतः उघडून पाहा. आणि तो एकदा लावूनही पाहा, कोण उचलते ते.