ताई, वही दोन, पान चौदा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तर त्या बाईंचा ईमेल आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो. घास तोंडातच राहिला. तरुणपणी हौसेनं केलेला एक गेम मी जगाला फुकट द्यायला निघालो होतो, अगदी फुकट, आणि ही बाई मलाच विचारते की हा सगळा तुमचाच कशावरून?

गेम म्हणजे आजच्यासारखा चित्रांचा नव्हे. नुसत्या अक्षरांचा. काळ्या पडद्यावर एका खोलीचं वर्णन यायचं, आपण खाली टाइप करायचं, 'पुढे जा', 'बाटली घे', 'दार उघड', की पुढचं वर्णन यायचं. त्या काळी पडद्यावर देवनागरी उमटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून भाषा मराठी आणि अक्षरं इंग्रजी, असा सगळा कारभार. नाव होतं 'दुपार'. नागपूरची मे महिन्यातली दुपार. घरचे सगळे जेवून आडवे झालेत, कूलर घरघरतो आहे आणि तुम्हाला कोणालाही न उठवता घराबाहेर पडायचं आहे. बस, एवढंच. तीनदा आवाज झाला की बाबा उठतात आणि खेळ खलास.

सोपा वाटतो ना? खेळून बघा. कडी इतकी उंच की खाली स्टूल लागतं. स्टूल ओढलं की वाजतं, म्हणून ते उचलून आणायचं. बिजागरी कुरकुरते, तिला खोबरेल तेल घालावं लागतं. तेलाची बाटली देवघराच्या खिडकीत, आणि देवघरात जायची वाट बाबांच्या पलंगाला लागून. तिथे गेलं की पडद्यावर यायचं: 'कूलरमधून वाळ्याचा वास येतो आहे. बाबांचा एक हात पलंगाखाली लोंबतो आहे. त्या हाताला लागू नकोस.' आणि देवघरात: 'उदबत्ती केव्हाच विझली. देव जागे आहेत, पण ते सांगणार नाहीत.'

मित्रांनी फ्लॉपीवर उतरवून नेला, त्यांच्या मित्रांनी त्यांच्याकडून नेला, असा तो फिरला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी तोच दाखवला होता. मुलाखत घेणारे साहेब बाबांच्या हाताशी येऊन हसले आणि म्हणाले, "लिहिता छान हो तुम्ही." मी म्हटलं, "थँक्यू, सर." नोकरी लागली.

आता इतक्या वर्षांनी असे जुने अक्षरांचे गेम जपून ठेवणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटाला तो कुठूनतरी सापडला. त्यांनी विचारलं, याचा मूळ प्रोग्रॅम पब्लिक डोमेनमध्ये द्याल का? म्हणजे मालक कोणीच नाही; ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, बदलावा, कोणाला विचारू नये. माझी छाती अशी फुगली म्हणता! जुन्या डिस्कवरून फाइल काढली, त्यांच्या मसुद्याखाली नाव टाकलं आणि पाठवून दिली. मसुद्यात होतं: 'हे संपूर्ण काम माझं एकट्याचं आहे आणि त्यावरचे माझे सर्व हक्क मी कायमचे सोडत आहे.' दोन मिनिटांचं काम. वाचलंसुद्धा नीट नाही.

त्या गटातल्या या बाईंनी मात्र फाइल पहिल्या ओळीपासून वाचली. प्रोग्रॅममध्ये अशा ओळी लिहिता येतात ज्या मशीन सोडून देतं. त्या फक्त माणसानं वाचायच्या असतात, खुणेसाठी. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खोलीच्या डोक्यावर अशी एक ओळ होती. 'ताई, वही दोन, पान चौदा.' 'ताई, वही दोन, पान सतरा.' 'ताई, वही तीन, पान एक.' बाईंनी विचारलं होतं: ही ताई कोण? मजकूर त्यांचा असेल तर त्यांची सही लागेल, नाहीतर आम्हाला हे प्रसिद्ध करता येणार नाही.

मी डबा बंद केला. तिला काय करायचंय, मोठी आली वकिलीण, असं बरंच काही मनात बोललो. राग असा आला की खरं तर तेव्हाच समजायला हवं होतं की बाई बरोबर आहे.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. बाबांनी कम्प्युटर घेतला तो माझ्या शिक्षणासाठी, सीताबर्डीच्या एका दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेला. ताईनं त्याला हात लावायचा नाही, बिघडला तर कोण जबाबदार, असा घरचा हुकूम. ती बाजूला स्टुलावर बसायची. मी मात्र प्रोग्रॅम लिहून बसलो आणि खोलीत काय असतं ते काही केल्या सुचेना. माझ्या खोल्यांत लिहिलेलं असायचं, 'ही खोली आहे. इथे एक टेबल आहे.' ताई वाचून इतकी हसली, इतकी हसली, की आई ओरडली. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर स्वयंपाकघर लिहून आणलं. मग देवघर. मग पलंग आणि तो हात. बिजागरीला तेल घालायचं हे मला कुठून माहीत असणार? मी मुलगा, मी दार उघडून सरळ चालता व्हायचो. हे सगळं तिचं होतं, आणि मी वही मांडीवर घेऊन टाइप करत होतो.

बायको म्हणाली, "अहो, मग विचारा ना ताईंना. त्यात काय एवढं?"

त्यात एवढं होतं. ताईकडे सही मागायची ही माझी दुसरी वेळ होती.

पहिली वेळ बाबा गेल्यावर. आमच्याकडे भावानं घर ठेवायचं आणि बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, ही रीत. कोणी बळजबरी करत नाही. कोणी विचारतही नाही. निबंधकाच्या कार्यालयात तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, शेजारचे दोघं साक्षीदार. कागद वाचायला तिनं पर्समधून चष्मा काढला तर मी घाईनं म्हणालो, "नुसती फॉर्मॅलिटी आहे वं ताई." तिनं चष्मा परत पर्समध्ये ठेवला आणि सही केली. बाहेर उसाचा रस पिताना म्हणाली, "घर राहू दे तुले. माह्या वह्या तेवढ्या काढून दे, माळ्यावर असतीन." मी म्हटलं, पुढच्या वेळी आणतो.

नंतर मी ते घर पाडून नवं बांधलं. रद्दीवाल्याला बोलावलं, माळ्यावरची पोती खाली घेतली. वह्या मला दिसल्या होत्या. वरचीच एक उघडून पाहिली, ताईचं अक्षर ओळखलं, आणि वाटलं, तिला कुठे आठवत असणार आता. ऊन होतं, माणूस पोत्याचं तोंड धरून उभा होता. मी वही आत टाकली. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी एसटीत बसून नरखेडकडे निघालो. ताईचं सासर तिथलं, संत्र्याच्या बागा असलेलं. फळांचा तोडा चालू होता, भाऊजी बगीच्यात होते आणि ताई अंगणात फळं निवडत बसली होती. मला पाहून उठली. "अगं बाई! काय गा, वाट चुकला का आज?" खुशीत होती. चहा झाला, पोहे झाले, माझ्या पोराबाळांची चौकशी झाली. मी आपला हो-हो करत होतो आणि बॅगेतला हक्क सोडायचा कागद मला टोचत होता.

शेवटी काढला. तिनं पदराला हात पुसले.

"हे काय होय?"

"काही नाही वं ताई, नुसती फॉर्मॅलिटी..."

वाक्य अर्ध्यात सोडलं, पण जे निघायचं ते निघून गेलं होतं. ताई कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता काय राह्यलं गा माह्यापाशी सोडून द्यायले?" रागानं नाही. खरंच आठवून पाहत होती, काय राहिलं असेल म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अडखळत सगळं सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "थो दुपारवाला? पुरा झाला होता थो?" तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. गेम पुरा झाला, नागपूरभर फिरला, मला नोकरी देऊन गेला, आणि मी तो तिला कधी दाखवलाच नव्हता. दिवाळीला यायची, राखीला यायची. सुचलंच नाही.

"दाखव नं," ती म्हणाली.

लॅपटॉप खाटेवर ठेवला. चष्मा लावून ती समोर बसली, आणि मी, खोटं नाही सांगत, बाजूच्या स्टुलावर. "इंग्रजीत काहून लिहिलं गा मराठी?" एवढी एकच तक्रार केली. मग एका बोटानं एकेक अक्षर शोधत खेळत गेली. बाबांच्या हाताशी आली, मोठ्यानं वाचलं, हसली, आणि पदर डोळ्यांना लावला. मी एकही गोष्ट सांगितली नाही. स्टूल उचललं, तेल घेतलं, बिजागरीला लावलं, कडी काढली. एकही आवाज नाही. इतक्या लोकांनी तो गेम माझ्यासमोर खेळला. पहिल्या फटक्यात असं कोणाला जमलं नव्हतं.

पडद्यावर आलं: 'दार उघडलं. खेळ संपला.'

तिनं एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. "पुढचं?"

"पुढचं नाही."

"तीन पानं होती गा. दाराच्या बाहेरची."

होती. वही तीनची शेवटची तीन पानं. गल्ली, ऊन, आणि पुढे कुठेतरी. परीक्षा तोंडावर होती, कंटाळा आला होता. "मले वाटलं," मी म्हणालो, "दार उघडलं की झालं."

"तुह्यं झालं असंन," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "माह्या वह्या कुठी हायेत?"

'शोधतो' हा शब्द अगदी जिभेवर होता. तयारच होता तो, कित्येक वर्षांपासून. पण ती अशी सरळ पाहत होती की तो मागेच राहिला. शेवटी सांगितलं. घर पाडलं तेव्हा रद्दीत गेल्या.

"तुले दिसल्या होत्या?"

"हो."

ती खाटेवरून उठली आणि पुन्हा फळं निवडायला बसली. चांगलं इकडे, डागाचं तिकडे. मी तिथेच बसून राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या घरात आरडाओरडा करायचा मक्ता माझा. तिला कधी ओरडताना मी ऐकलेलंच नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "त्या मशिनीत किती हाये माह्यं?"

"शब्द सगळे तुझेच."

"म्हणजे आता एवढंच हाये."

"ताई, नको करू सही," मी म्हणालो. आतून अगदी तुटून म्हणालो. "मी त्यांना नाही म्हणून कळवतो. तुझं तुझ्यापाशी राहू दे. मी सगळं कागदावर छापून आणून देतो."

"गप बस. पेन दे."

तिनं माझा कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर, त्याच अक्षरात: 'या खेळातले शब्द माझे आहेत, वही दोन आणि वही तीनमधले. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावे, वाचावे, बदलावे, मला विचारायची गरज नाही.' खाली सही केली, माहेरच्या नावानं. मग जागा सोडून एक रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"इथं तू सही कर. साक्षीदार म्हणून."

मी केली.

"ती तीन पानं पुन्हा लिहितेस का?" मी विचारलं. "मी टाकतो त्यात. आत्ता बसून टाकतो."

"रद्दीवाल्याले विचार."

"बरं, कुठी जायची तू दुपारची? एवढं तर सांग."

"आता विचारून राहिला?" ती म्हणाली आणि उठली.

एसटीची वेळ झाली होती. दरवेळेसारखी तिनं संत्र्यांची पिशवी भरली, डागाची नाही, निवडलेलीच. मी चपला घातल्या. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला तेवढंच सुचलं. "ताई, माझ्यासाठी एवढं केलंस..."

"तुह्यासाठी नाही गा," ती म्हणाली. "सगळ्या जगाले दिलं म्या. तुले नाही दिलं."

मग पिशवीचं तोंड नीट बांधून तिनं ती माझ्या हातात दिली.