सत्तावीस पोरं घेऊन लेण्यांत

निजामाचं राज्य गेलं, उर्दू शाळांच्या मराठी शाळा व्हायला लागल्या, पण शिकवायला माणसं मिळेनात. माझं माहेर सोलापूरचं, मराठी सातवी पास. नवरा वारलेला, पोर दीड वर्षाची. सासूबाई म्हणाल्या, "तू नोकरी धर, लेकराला मी बघते." पोर बेंबळीला, सासरच्या गावी राहिली आणि मी उस्मानाबादेत, एका खोलीत. सणासुदीला दोन दिवस जायचं, पोरीनं लाजून आजीच्या पदराआड लपायचं आणि मी परत यायचं. रोज संध्याकाळी एकटीपुरती भाकरी थापताना नको नको व्हायचं.

पोर आठ वर्षांची झाल्यावर सासूबाईंनी तिला आणून सोडलं. "आठ दिस ठेव. रमली तर इथंच शाळंत घाल, न्हाय तर मी घेऊन जाते." ती रमावी म्हणून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण माझा स्वभाव मेला तिखट! पहिल्याच दिवशी बजावलं, "शाळेत मला बाई म्हणायचं. लोक म्हणतील, मास्तरणीनं स्वतःचीच पोर डोक्यावर बसवलीय." पोर ऐकणारी. ती घरीही बाईच म्हणू लागली. मी म्हटलं, म्हणेल आपसूक आई.

त्याच आठवड्यात वर्गाची सहल निघाली, धाराशिवच्या लेण्यांवर. फडक्यात भाकरी-चटणी बांधून, पोरीलाही बरोबर घेऊन उजाडताच पायी निघालो. मोठ्या लेण्यात गारवा होता, कुठंतरी पाणी ठिबकत होतं, वटवाघळांचा उग्र वास. पोरं खांबाखांबाआडून ओरडायला लागली.

"बाई, इथं कोण राहायचं?" कुणीतरी विचारलं.

"साधू. घरदार सोडून आलेले."

"मग त्यांची लेकरं कुठं ऱ्हायची?" हे माझ्या पोरीनं विचारलं.

"मधे मधे बोलू नको," मी खेकसले.

हेडमास्तरांची सक्त ताकीद होती, निघताना हजेरीपुस्तकातून नावं वाचायची. लेण्याबाहेर पोरांना ओळीनं उभं केलं. सत्तावीस नावं वाचली, सत्तावीस 'हजर' ऐकले आणि निघाले. ओढा ओलांडून पाऊण कोस आलो असू, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची पोरगी कुठंय?"

अगं बाई गं! तिचं नाव अजून पटावर चढलंच नव्हतं. रमली तर घालणार होते ना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेतात काम करणाऱ्या एका म्हातारीला पोरं सांभाळायला सांगितली आणि ऊर फुटेस्तोवर पळत सुटले. वाटेत स्वतःला काय काय शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पोर लेण्याच्या तोंडाशी खांबाला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

"तुमी समद्यांची नावं घेतली. माझं आलंच न्हाय."

मी तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला. "मी आई आहे गं तुझी. एकदा आई म्हण."

ती माझ्या मिठीत ताठ उभी होती. "व्हय, बाई," म्हणाली.

रविवारी सासूबाई आल्या. मला वाटलं, पोर लेण्यातलं सगळं सांगणार. तिनं चकार शब्द काढला नाही. मी दोन दिवस तिला शिरा खाऊ घातला होता, वेण्या घातल्या होत्या तिच्या, कुशीत घेऊन निजवलं होतं. आशा वाटत होती.

"मग, ऱ्हायाचं का इथं?" सासूबाईंनी विचारलं.

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मग आजीचा हात धरला.

"बाई लई चांगल्या हायत. पण त्यांच्यापाशी लई लेकरं हायत, आजी. तुझ्यापाशी मी एकटीच हाय. चल, घरी जाऊ."