कोहमाऱ्याहून आणलेला म्हातारा

आयुष्यात मी एकच चोरी केली, आणि तीही पैसे देऊन. माझ्या मते तो सौदा होता. बायकोच्या मते ती चोरीच, आणि आमच्या घरात अशा बाबतीत शेवटचा शब्द तिचा असतो.

सहा-सात वर्षं झाली असतील. केशोरीला नलूच्या (म्हणजे बायकोच्या) मावसबहिणीकडे दोन दिवस राहून आम्ही नागपूरला परत निघालो होतो. गाडीत नव्या तांदळाचं पोतं, दोन पपया आणि नको नको म्हणताना मिळालेली लोणच्याची बरणी. कोहमाऱ्याच्या चौकात एका ढाब्यावर चहाला थांबलो.

त्या वर्षी मला चित्रकलेतलं कळायला लागलं होतं. म्हणजे झालं असं, की उन्हाळ्यात नागपूरला एका चित्रप्रदर्शनात मी शिरलो. बाहेर ऊन होतं, आत एसी होता, म्हणून एकेका चित्रासमोर दहा-दहा मिनिटं उभा राहिलो. तिथल्या एका दाढीवाल्यानं मला विचारलं, "आप भी आर्टिस्ट हैं क्या?" झालं! तेव्हापासून मान तिरपी केल्याशिवाय मी घरातलं कॅलेंडरही पाहत नसे.

ढाब्याला लागून एक पत्र्याची टपरी होती. वर लिहिलेलं, 'यादोराव पेंटर'. ट्रकच्या नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या, लग्नघरच्या भिंतीवरचे हत्ती आणि कलश, असला सगळा व्यवसाय. पण टपरीच्या बाहेर पत्र्यावर रंगवलेली सारस पक्ष्यांची चित्रं टेकवून ठेवली होती आणि ती खरोखर सुरेख होती. धानाच्या बांधीत उभी असलेली सारसाची जोडी, मागे धुकं. मी चहा तसाच टाकून उठलो.

यादोराव पन्नाशीचा, काडीसारखा माणूस. शर्टाचा मूळ रंग कोणता हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. लाजाळू इतका, की किंमत सांगताना जमिनीकडे पाहायचा.

"हे सारस तुम्हीच काढले?"

"होय जी. बांधीत येतेत ना, पाहून पाहून काढतो."

"बाहेर ठेवता, धूळ बसते ना!"

"त्यायले सवय आहे जी."

मी दोन सारस घेतले. आणि मग मला तो दिसला. टपरीच्या आत, भिंतीला टेकलेला एक म्हातारा. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि ओठांच्या एका कोपऱ्यात असं हसू, की जणू त्याला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे. चित्राच्या खाली दोन बोटं रुंदीची पांढरी पट्टी होती. कोरी.

"ही पट्टी मुद्दाम कोरी सोडलीय," मी मान तिरपी करून नलूला समजावलं. "बघणाऱ्याच्या विचारांसाठी ती जागा आहे."

"अर्धवट राहिलंय ते," नलू म्हणाली.

मी यादोरावला विचारलं, "हा केवढ्याला?"

"तो नाही भेटत जी. तो दुसऱ्याचा होय."

आता मी आयुष्यभर नागपूरच्या बाजारात घासाघीस केलेला माणूस. 'हा पीस दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे' म्हणजे 'अजून थोडे वाढवा', एवढं मला कळत होतं. मी थोडे वाढवले. तो जमिनीकडे पाहत राहिला. मी आणखी वाढवले. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रकवाला ओरडला, "ए पेंटर, आधा काम छोड़ के कहाँ गया? माल लेट हो रहा है!" आणि यादोराव ब्रश दातात धरून ट्रकच्या मागे चढला.

मी खालून विचारलं, "यादोराव, मग नेऊ ना म्हाताऱ्याला?" नेमकं त्याच वेळी ट्रकवाल्यानं विचारलं, "लाइन सीधी है ना?" यादोरावच्या तोंडात ब्रश. त्यानं दोनदा जोरात मान हलवली.

"अहो, त्यानं त्या ट्रकवाल्याला हो म्हटलं," नलू म्हणाली.

"मला म्हटलं. कलावंत माणूस आहे, तोंडानं बोलायला संकोच वाटतो," मी म्हणालो. टर्पेंटाइनच्या डब्याखाली पैसे ठेवले, वर माझं व्हिजिटिंग कार्ड ठेवलं, त्याच्या मागे ऐटीत लिहिलं, 'नागपूरला आलात तर घरी या'. आणि म्हातारा काखेत मारून गाडीकडे निघालो.

घरी आल्यावर त्याला हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगलं. ट्यूबलाइटमध्ये पाहिलं तर त्याच्या कानावर रंगाचा एक तपकिरी डाग पडलेला. एवढ्या चांगल्या चित्राला गालबोट! नलूचं नेलपॉलिश काढायचं पाणी मी रुमालावर घेतलं आणि हलक्या हातानं डाग पुसून टाकला. चित्र एकदम उजळलं. असली कामं जाणकारानंच करावीत, असं मी तेव्हा म्हटल्याचं नलूला आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी दूधवाला आला. त्यानं उघड्या दारातून आत पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. नंतर समोरचे बोरकरकाका पेपर मागायला आले ते चपला काढून, आवाज उतरवून म्हणाले, "कळवलं नाहीत. कधी गेले?"

"काका, ते चित्र आहे. कला!"

"असू द्या, असू द्या," काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सुरुवातीला असंच होतं माणसाला." तासाभरानं काकू पिठलं-भाताचा डबा देऊन गेल्या. घरात चूल पेटली नसेल म्हणून. दुपारपर्यंत नलूनं म्हाताऱ्यापुढे उदबत्तीही लावली. "बिचारा सकाळपासून नमस्कार घेतोय," ती म्हणाली, "ते बरं दिसत नाही." पिठलं मात्र उत्तम होतं.

संध्याकाळी फोन आला.

"साहेब, मी यादोराव पेंटर बोलून राहिलो, कोहमाऱ्याहून. बुढा तुमच्याकडं आहे का जी?"

"आहे ना! हॉलमध्ये लावलाय."

"उद्या तेरवी आहे जी त्याची."

मी सोफ्यावर बसलो. मग वर कोण आहे ते आठवलं आणि उठून खुर्चीवर बसलो.

यादोरावनं सगळं सांगितलं, तेही एका शब्दानं न रागावता. म्हाताऱ्याचं नाव दसरूजी. कोहमाऱ्याजवळच्याच गावचे. रोज टपरीत येऊन यादोरावच्या स्टुलावर बसायचे आणि चहा प्यायचे. त्यांचा धड फोटो एकही नव्हता. पुतण्याच्या लग्नातल्या फोटोत त्यांच्या तोंडापुढे कोणाचा तरी फेटा आलेला, आणि आधार कार्डावरचा फोटो पाहून त्यांच्या बायकोनं, भागरताबाईनं, "हा कोन?" म्हणून विचारलेलं. म्हणून यादोरावनं दहा दिवस खपून आठवणीनं चित्र काढलं होतं. आणि त्याची रीत अशी, की चित्र झालं की घरच्या बाईनं येऊन पाहायचं. ती 'हो, हेच' म्हणाली, की मगच खालच्या पांढऱ्या पट्टीवर नाव घालायचं.

"नाव लिवलं का माणूस गेला ना जी," तो म्हणाला. "तिनं हो म्हटल्याबिगर मी कायले लिवू? आज सकाळी बुढी पायी पायी आली पाहाले. काय दाखवू मी तिले? सारस दाखवला."

मी विचारलं, "दुसरं नाही का काढता येणार?"

"रंग वाळत नाही जी एका दिवसात. अन् खरं सांगू का, मले बी आता तो तसा दिसत नाही. जेवढा ध्यानात होता तेवढा त्या पत्र्यात गेला."

मी फोन ठेवला. नलूनं विचारलं, "काय झालं?"

"आपल्या हॉलमधल्या म्हाताऱ्याची उद्या तेरवी आहे."

नलूनं उदबत्तीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला काल ट्रकपाशीच वाटलं होतं."

मंगळवारी उजाडताच निघालो. दसरूजी मागच्या सीटवर, पट्टा लावून. शेजारी नलू, पत्र्याला धरून. खड्डा आला की ती मला म्हणायची, "हळू चालवा, त्यांना लागेल." कोहमाऱ्याला यादोरावला घ्यायला थांबलो तर ढाबेवाल्यानं काचेतून आत पाहिलं आणि टोपी काढली. "जिंदगीभर पायी फिरला बुढा," तो म्हणाला, "अन् आता कारनं हिंडून राहिला."

गावात दसरूजींच्या अंगणात मांडव होता. मोठ्या गंजात वरण उकळत होतं. चित्र पाटावर ठेवलं आणि दोन बायकांनी भागरताबाईला हाताला धरून आणलं. एवढीशी बाई. पदर सावरून ती समोर उभी राहिली. ती पाहत राहिली, आणि खूप वेळानं म्हणाली, "हा नाही होय."

यादोरावचा चेहरा पडला. "काकी, नीट पाहा ना."

"पाहून राहिली. डोळे त्याचेच हायेत. हासू बी त्याचंच. पन हा नाही. कोनाचा बुढा काढला तू, यादो?"

यादोराव चित्रापाशी गुडघ्यावर बसला. कपाळ, नाक, दुपट्टा पाहिला. मग कानाशी थांबला. कानावरून बोट फिरवलं आणि हळूच वळून माझ्याकडे पाहिलं. जमिनीकडे न पाहता त्यानं कोणाकडे पाहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तिथं थोडा डाग होता," मी म्हणालो. "मी साफ केला."

"बिडी होती जी ती."

दवाखान्यात बिडी बंद करायला सांगितल्यापासून दसरूजी ती ओढत नसत, फक्त कानावर ठेवत. रोज एक नवी. आणि रोज भागरताबाई त्यावरून भांडत. मांडवातले सगळे लोक आता माझ्याकडे पाहत होते. पाटावरच्या दसरूजींसकट.

यादोरावनं खिशातून ब्रश काढला. पिशवीतून दोन डब्या काढल्या. तपकिरी रंगाचे दोन फटकारे, वर दोऱ्याचा एक लाल ठिपका. तो बाजूला सरकला.

"हं," भागरताबाई म्हणाली. "आता आला." मग चित्राजवळ जाऊन, घरातल्या घरात बोलावं तशी म्हणाली, "तिकडं ओढजो आता. कोनी नाही म्हनत नाही."

यादोरावनं तिथंच, पांढऱ्या पट्टीवर, सावकाश नाव लिहिलं. मला रडू आवरेना. खिशातला रुमाल काढून डोळ्यांना लावला. (तो नेलपॉलिशच्या पाण्याचा रुमाल होता. पुढचा अर्धा तास मी जे रडलो ते पाहून गावात माझ्याबद्दल फार चांगलं मत झालं.) आम्हाला पंगतीत बसवून भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं आग्रहानं वाढलं. आजही नवा तांदूळ शिजल्याचा वास आला की मला तो मांडव आठवतो आणि उगीचच कानावर हात जातो.

निघताना यादोराव माझे पैसे परत करायला लागला. मी घेईना. शेवटी तो म्हणाला, "मग तुमचाच काढतो जी." आणि दोन महिन्यांनी माझं कार्ड हातात धरून तो खरोखर नागपूरला दारात उभा राहिला. कागदात गुंडाळलेलं माझं चित्र घेऊन. हुबेहूब मी! फक्त माझ्या काखेत एक चित्र मारलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"वहिनीले फोन केलता," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मानसाची खूण घरच्या बाईले विचारा लागते ना जी."

ते चित्र आता सोफ्याच्या वर, दसरूजींच्या खिळ्यावर आहे, दोन्ही बाजूंना सारस. खालची पट्टी अर्थातच कोरी. परवा नवा गॅसवाला आला. त्यानं चित्र पाहिलं, हात जोडले, आणि खाली पेपर वाचत बसलेल्या मलाच हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

मी म्हटलं, "अजून बायको हो म्हणालेली नाही."